वाचकांचे प्रश्न: फोनची बॅटरी, पुण्याचं ऊन आणि चार्जिंगची पिन

उन्हाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालात मोबाइलच्या बॅटरीची पत्रं वाढतात. या वेळी फक्त तीच घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांनी दुकानांची आणि सेवा केंद्रांची नावं लिहून तक्रार केली होती, त्यांच्या पत्रांतून ती नावं गाळली आहेत.

फोन २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ८० च्या वर न्यायचा नाही, असं नातू सांगतो. आम्ही पहिला मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने आठ तास चार्जिंगला लावायला सांगितलं होतं. यातलं खरं काय? (कोथरूड)

दोघंही बरोबर आहेत, फक्त बॅटऱ्या वेगळ्या. आठ तासांचा सल्ला निकेल जातीच्या जुन्या बॅटऱ्यांचा. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते आणि तिला पहिल्या दिवशी काहीही खास करावं लागत नाही. खोक्यातून काढा आणि वापरा.

नातवाचं म्हणणं समजून घ्यायला एक आकडा पुरे. ही बॅटरी पूर्ण भरते तेव्हा तिचा दाब ४.४ व्होल्टच्या आसपास असतो, जुन्या फोनमध्ये ४.२ असायचा. शेवटच्या वीस टक्क्यांत हा दाब सगळ्यात वर जातो. त्या अवस्थेत आतला द्रव हळूहळू विघटित होतो, ऋण बाजूवर थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी म्हातारी होते म्हणजे नेमकं हेच होतं. वरची मर्यादा ०.१ व्होल्टने कमी ठेवली तर चार्ज सायकल ढोबळमानाने दुप्पट मिळतात, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. सायकल म्हणजे पिन लावण्याची एक खेप नव्हे. आज ६० टक्के वापरले आणि उद्या ४०, की एक सायकल झाली. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत, आयफोन १५ पासून हाच आकडा १००० आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या फोनसाठी ८०० सायकलींची अटच घातली आहे.

खालच्या २० टक्क्यांचं एवढं कौतुक करायची गरज नाही. फोन शून्य दाखवतो तेव्हाही बॅटरीत थोडा जीव राखलेला असतो. फक्त तसाच मेलेला फोन महिनोन्‌महिने पडू देऊ नका.

मर्यादा फोनलाच पाळू द्या. आयफोन १५ आणि पुढच्यांत सेटिंग्ज, बॅटरी, चार्जिंग इथे ८० पासून १०० पर्यंतचे पर्याय आहेत. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर बॅटरी प्रोटेक्शन, पिक्सेलमध्ये बॅटरी हेल्थच्या आत चार्जिंग ऑप्टिमायझेशन. मर्यादा लावूनही आयफोन अधूनमधून १०० पर्यंत जाताना दिसला तर घाबरू नका. टक्क्यांचा हिशेब जुळवायला तो मुद्दाम तसं करतो.

आणि हे सोवळं नाही. दिवसभर बाहेर जायचं असेल तर खुशाल १०० करा आणि लगेच निघा. शंभरला पोचणं फारसं वाईट नाही. शंभरवर तासन्‌तास आणि तेही गरम राहणं वाईट. दर दोन वर्षांनी फोन बदलत असाल तर यातलं काहीच करू नका, ती मेहनत पुढच्या मालकासाठी होईल.

रात्रभर चार्जिंगला ठेवला तर ओव्हरचार्ज होऊन फुटतो का? (बिबवेवाडी)

नाही. बॅटरी भरली की फोनमधलंच सर्किट प्रवाह तोडतं. नुकसान होतं ते वर सांगितलेलं, म्हणजे भरल्या अवस्थेत सहा-सात तास पडून राहण्याचं. त्यावर उपाय म्हणून बहुतेक फोनमध्ये रात्रीचं चार्जिंग ८० वर थांबवून उठायच्या वेळेला पूर्ण करण्याची सोय असते. ती चालायला तुमची उठण्याची वेळ साधारण ठरलेली असावी लागते. पाळीच्या ड्यूटीवाल्यांना ती उपयोगी पडत नाही, त्यांनी सरळ ८० ची मर्यादा लावावी.

उशीखाली, गादीवर, दुलईत चार्जिंग मात्र नको. तिथे उष्णतेला वाट नसते.

मी वाकड-हिंजवडी भागात डिलिव्हरी करतो. फोन हँडलवर, मॅप चालू, गाडीच्या यूएसबीवरून चार्जिंग. दुपारी बारानंतर स्क्रीन आपोआप मंद होते आणि चार्जिंग लावलेलं असूनही टक्के वाढत नाहीत. चार्जर बदलला, केबल बदलली. फोन खराब आहे का? (वाकड)

फोन खराब नाही, तो स्वतःला वाचवतोय. तुमच्या मांडणीत उष्णतेचे पाच स्रोत एकाच वेळी चालू आहेत: वरून ऊन, पूर्ण उजेडावर स्क्रीन, जीपीएस, सतत टॉवर बदलणारा मोडेम आणि चार्जिंग. आयफोनसाठी ॲपल भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगते, बाकीच्या कंपन्यांची शिफारसही त्याच आसपास असते. एप्रिलमध्ये पुण्यात सावलीतच ३८-४० होतं आणि तुमचा काळा फोन उन्हात आहे. बॅटरी पंचेचाळिशीच्या आसपास गेली की फोन आधी चार्जिंगचा प्रवाह कमी करतो, मग स्क्रीन मंद करतो, त्यानंतर चार्जिंग बंदच करतो.

दुसरा हिशेब वॅटचा. गाडीचं यूएसबी बहुधा ५ व्होल्टला १ ते २ अँपिअर देतं, म्हणजे ५ ते १० वॅट. पूर्ण उजेड, जीपीएस आणि मोबाइल डेटा मिळून फोन स्वतःच चार-पाच वॅट सहज खातो. उरलं काय? जे उरलं ते उष्णतेमुळे फोन घेत नाही. केबल बदलून हे सुटणार नाही.

करायचं ते असं. सगळ्यात मोठा फरक सावलीने पडतो. होल्डरवर टोपीसारखा पुढे आलेला छज्जा मिळतो, तो बसवा. सावली आली की स्क्रीनचा उजेड कमी चालतो, म्हणजे दोन स्रोत एकदम कमी झाले. जाड रबरी कव्हर काढा. पूर्ण बंद पाऊच पावसाळ्यासाठी ठीक, पण उन्हात तो फोनला उकडून काढतो. तुमच्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. रस्ता पाठ असेल तर स्क्रीन बंद ठेवून स्पीकरवरच्या सूचनांवर चला.

चार्जिंग चालत्या गाडीवर न करता थांब्यावर करा. ऑर्डर तयार होईपर्यंत हॉटेलच्या सावलीत दहा मिनिटं, जेवताना अर्धा तास. पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत बॅटरी सगळ्यात भराभर भरते, त्यामुळे हे तुकडे-तुकडे चार्जिंग पुरतं आणि बॅटरीलाही तेच मानवतं.

गरम फोन फ्रीजमध्ये किंवा थंड पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतात, ते अजिबात करू नका. आत दव धरतं आणि मदरबोर्ड जातो. कव्हर काढून सावलीत वाऱ्याला ठेवा, पाच-दहा मिनिटांत उतरतो.

बॅटरीचा विषय नाही तरी सांगतो: होल्डरला कंपन शोषणारा रबरी जोड हवा. मोटरसायकलच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता, आणि तशी यंत्रणा असलेल्या इतर फोननाही तो लागू आहे.

घरी फोन नुसता टेबलावर पडून असतो तरी संध्याकाळपर्यंत ४० टक्के उतरतो. ऑफिसात असं होत नाही. घर शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात, तळमजल्यावर. (शनिवार पेठ)

पत्त्यातच उत्तर आहे. जाड भिंती, तळमजला आणि चौकाच्या आतली खोली, म्हणजे रेंज कमी. टॉवर लांब किंवा आडोशाला असला की फोनला ओरडून बोलावं लागतं. चांगल्या रेंजमध्ये फोन जेवढ्या शक्तीने प्रक्षेपण करतो, त्याच्या कितीतरी पट शक्ती त्याला इथे लावावी लागते, शिवाय जरा बरा टॉवर मिळतो का हे तो सारखं शोधत राहतो. स्क्रीन बंद असताना बॅटरी खाणारं हे सगळ्यात मोठं कारण आणि लोक दोष देतात ॲप्सना.

आधी मोजा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस उघडा. सिग्नल डीबीएममध्ये (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक), ऋण आकड्यात दिसेल. ४जी वर -८५ ते -९५ उत्तम, -११० कमजोर, -११८ च्या पलीकडे फोन धडपडतोय असं समजा. हाच आकडा खिडकीपाशी आणि माजघरात घेऊन बघा, फरक थक्क करणारा असतो.

घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. सिमच्या सेटिंगमध्येच तो पर्याय असतो. मग फोनला कॉलसाठी टॉवरच्या मागे लागावं लागत नाही. फोन खिडकीशेजारी ठेवा. दुसरं सिम नुसतं बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलं असेल आणि त्या कंपनीची रेंज घरात मरतुकडी असेल, तर दुसऱ्या सिमचा शोधच बॅटरी खातो. घरी असताना ते सिम बंद ठेवा, ओटीपी लागेल तेव्हा चालू करा.

५जी ची निशाणी येत-जात असेल तर तिथे नेटवर्क ४जी वर बांधून टाका. ५जी दोन तऱ्हेचं असतं. जिओने स्वतंत्र ५जी उभारलं, एअरटेलने सुरुवात ४जी च्या आधाराने चालणाऱ्या ५जी ने केली. दुसऱ्या तऱ्हेत फोनला दोन्ही जोडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि सिग्नल काठावरचा असेल तर त्याची किंमत बॅटरी मोजते.

ताम्हिणीत किंवा राजगडावर जाणाऱ्यांनी हाच धडा घ्यावा. रेंज गेली की एअरप्लेन मोड लावा. जीपीएस त्यातही चालतो, आधी उतरवलेला नकाशा दिसतो, फोटो निघतात आणि एरवी संध्याकाळी मरणारा फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतो. तासाभराने मोड काढून निरोप बघा आणि पुन्हा लावा.

डार्क मोडने बॅटरी वाचते का? आणि मागे उघडी राहिलेली ॲप्स सारखी बंद करावीत का? (सिंहगड रोड)

पहिल्याचं उत्तर स्क्रीनवर आहे. ओलेड किंवा ॲमोलेड पडद्यावर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तिथे वाचते. एलसीडी पडद्यामागे दिवा लागलेलाच असतो, तिथे काडीचाही फरक पडत नाही. ओलेडवरही किती, ते उजेडावर ठरतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या मोजणीत पूर्ण उजेडावर डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के वाचले, पण घरात आपण ठेवतो तशा ३० ते ५० टक्के उजेडावर फक्त ३ ते ९ टक्के. थोडक्यात, घरात डार्क मोडपेक्षा उजेड एक बोटभर खाली सरकवणं जास्त कामाचं. १२० हर्ट्‌झचा पर्याय (स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रंगते तो) ६० वर आणणं आणि कायम जागी राहणारी स्क्रीन बंद करणं हेही त्याच रांगेतलं.

दुसऱ्याचं: नका. बाजूला सारलेलं ॲप मेमरीत निपचित असतं. ते मारून पुन्हा शून्यापासून उघडायलाच जास्त वीज लागते. त्याऐवजी सेटिंग्जमधली बॅटरी वापराची यादी उघडा आणि तुम्ही न वापरताही वर आलेलं एखादं ॲप असेल तर त्याचा बॅकग्राउंड वापर आणि लोकेशनची परवानगी काढा. बहुतेक वेळा एखादं खरेदीचं नाहीतर कॅबचं ॲप ‘नेहमी लोकेशन’ घेत बसलेलं सापडतं. बॅटरी वाचवणारी, रॅम साफ करणारी ॲप्स काढून टाका, ती स्वतःच जागी राहतात.

चार वर्षांचा फोन ३० टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडला की बंद पडतो. चार्जरला लावला की पुन्हा २८ दाखवतो. कॅलिब्रेशन केलं की सुधारेल का? (निगडी)

टक्के दाखवणं थोडं सुधारेल, बॅटरी नाही सुधारणार. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. साधं वाचन चालू असताना दाब टिकतो. पण कॅमेरा, फ्लॅश आणि प्रोसेसर एकदम ओढायला लागले की दाब कोसळतो, सकाळी सातला सोसायटीत सगळ्यांनी नळ उघडल्यावर चौथ्या मजल्याचं पाणी जातं तसा. दाब मर्यादेखाली गेला की फोन स्वतःला बंद करतो. वीज शिल्लक असते, वेळेवर बाहेर येत नाही.

खात्रीसाठी हे कॅलिब्रेशन एकदाच करा: १०० पर्यंत भरा, वापरून बंद पडू द्या, मग न थांबता पुन्हा १०० करा. त्यानंतरही तिशीत बंद पडला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. हा प्रयोग दर आठवड्याला करू नका, पूर्ण रिकामी करून भरणं बॅटरीला जाचतंच. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा ८० च्या खाली असेल तर प्रयोगाचीही गरज नाही.

कंपनीच्या सेवा केंद्रात बॅटरीचे बरेच पैसे सांगितले. तपकीर गल्लीत तिसऱ्या हिश्शात मिळते. घ्यावी का? खरी-खोटी कशी ओळखायची? (हडपसर)

कंपनी अजून तुमच्या मॉडेलची बॅटरी देत असेल आणि फोन दोन वर्षं तरी वापरायचा असेल, तर सेवा केंद्रातूनच घ्या. हे सावधपणाचं उत्तर नाही, हिशेबाचं आहे. वाईट बॅटरी आठ-दहा महिन्यांत पुन्हा बदलावी लागते आणि दर वेळी फोन उघडताना आतल्या जोडणीची एखादी पट्टी तुटण्याची जोखीम असते. जुनं मॉडेल असेल आणि कंपनीने हात वर केले असतील, तर तपकीर गल्ली किंवा पासोड्या विठोबाचा परिसर हा पुण्यातला नेहमीचा रस्ता आहे. तिथे चांगला मालही असतो, पण ओळखून घ्यावा लागतो.

‘ओरिजिनल’ या शब्दावर विसंबू नका, बॅटरी हातात मागा. तिच्यावर क्षमता एमएएच (मिली-अँपिअर-तास, हजाराचा एक अँपिअर-तास) आणि वॅट-तास दोन्हीत छापलेली असते. वॅट-तास म्हणजे अँपिअर-तास गुणिले व्होल्ट: ५००० एमएएच आणि ३.८५ व्होल्ट असेल तर १९.२५ वॅट-तास यायला हवेत. नक्कल करणारे पुष्कळदा एमएएचचा आकडा फुगवतात आणि दुसरा बदलायला विसरतात. मग वजन बघा. ५००० एमएएचची चांगली बॅटरी साधारण ६५ ते ७५ ग्रॅम भरते. पन्नासच्या आत भरली तर आत माल कमी आहे, छापलेला आकडा काहीही असो. भारतीय मानक ब्युरोचा आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच टाकून बघा, कोणत्या उत्पादकाचा आहे ते कळतं. उत्पादनाची तारीख वर्षभराच्या आतली हवी. बॅटरी न वापरताही म्हातारी होते, त्यामुळे ‘जुन्या स्टॉकमधली खरी’ ही काही मोठी मिळकत नव्हे.

बसवताना समोर उभे राहा. फोन २५ टक्क्यांच्या खाली उतरवून न्या. भरलेली बॅटरी उचकटताना वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेण्याचा धोका जास्त. कारागीर मागचं झाकण गरम मॅटवर सैल करतो, ते ठीक. जुनी बॅटरी तो ओढपट्टीने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून प्लास्टिकच्या पातीने काढत असेल तर जाणकार आहे. लोखंडी पाती घालून उचकटायला लागला तर तिथेच थांबवा. झाकण बसवताना नवीन चिकटपट्टी लावायला सांगा आणि तरीही फोन आता पाण्यापासून सुरक्षित नाही असं धरूनच चाला.

२०१८ पासूनच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली की सेटिंग्जमध्ये अनोळखी भागाची सूचना येते. फोन चालतो, पण विकताना किंमत पडते.

घरी आल्यावर तपासणी. दोनशे-चारशे रुपयांचा यूएसबी मीटर केबलमध्ये लावा, फोन एअरप्लेन मोडमध्ये आणि स्क्रीन बंद ठेवून २० ते ८० टक्के चार्ज करा. वरच्या ५००० एमएएचच्या उदाहरणात बॅटरीत ११.५ वॅट-तास जायला हवेत. वाटेतला तोटा धरून मीटर १३ ते १४ दाखवेल. ८-९ वरच ८० टक्के झाले तर बॅटरी घेऊन परत जा. दुकानदाराशी वाद घालताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

फोनचं मागचं झाकण एका कडेला उचललं गेलंय, टेबलावर ठेवला की डुलतो. चालतो मात्र नीट. (धायरी)

बॅटरी फुगली आहे. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू साठलाय. फोन नीट चालतोय यावर जाऊ नका. आत्ता बंद करा, चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. टोचून हवा काढण्याचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरून जा, तसं करणाऱ्यांच्या हातात बॅटरी पेटते. फोन फरशीवर, पडदे-कागदांपासून दूर आणि उन्हात नसलेल्या जागी ठेवा आणि त्याच दिवशी सेवा केंद्रात न्या. धूर येऊ लागला तर घराबाहेर पडा, तो धूर विषारी असतो.

काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरावेचक ताईंच्या हातात किंवा दाबून भरणाऱ्या गाडीत ती फुटते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून नवीन बसवता तिथेच जुनी द्या.

आई आळंदीपासून पंढरपूरपर्यंत वारीला जाते. १०००० एमएएचची पॉवर बँक दिली, फोन ५००० चा. दोनदा भरायला हवा, एकदाच कसाबसा भरतो आणि थोडा उरतो. फसवणूक झाली का? (भोसरी)

बहुधा नाही. १०००० हा आकडा आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॅट-तास. फोनला देताना तो दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो, त्यात काही जातं आणि फोनमध्ये शिरताना आणखी काही. हातात पडतात २६-२७. तुमच्या फोनला सव्वाएकोणीस लागतात. म्हणजे एकदा आणि वर साधारण ३५-४० टक्के. पॉवर बँकेच्या पाठीवर ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरांत ५८०० ते ६५०० च्या दरम्यानचा आकडा असेल, तोच खरा धरायचा. भरताना आईंनी फोन वापरत राहिलं तर हेही कमी मिळेल.

वारीत मुक्कामाच्या ठिकाणी प्लगपाशी गर्दी असते, तेव्हा २०००० ची द्यावी असं वाटेल. ती साडेतीनशे-चारशे ग्रॅमची होते आणि दिवे घाटात खांद्याला कळते. त्यापेक्षा फोनच एअरप्लेन मोडमध्ये ठेवून संध्याकाळी ठरलेल्या वेळी चालू करायला शिकवा. १०००० ची चार-पाच दिवस सहज पुरते. किंवा कीपॅडचा साधा फोन सोबत द्या, तो एका चार्जमध्ये दोन-तीन दिवस जातो.

आषाढातला पाऊस लक्षात घेऊन एक सूचना. पिनच्या खाचेत पाणी गेलं असताना केबल लावली तर विजेने तिथले संपर्क हिरवे पडून कुजतात. फोनवर ओलाव्याची सूचना आली की खाच खाली करून हातावर हलकेच आपटा आणि वाऱ्यावर किमान अर्धा तास ठेवा, सूचना जाईपर्यंत थांबा. तांदळात खुपसू नका, कण आणि पिठूळ आत जाते. कापसाचा बोळाही नको.

वारीनंतर कुणी विमानाने पुढे जाणार असेल तर: पॉवर बँक हातातल्या सामानातच, १०० वॅट-तासांपर्यंत, म्हणजे सुमारे २७००० एमएएच.

६७ वॅटचा चार्जर हरवला. नवीन ६५ वॅटचा टाइप-सी घेतला तर फोन अगदी हळू चार्ज होतो. आणि वेगवान चार्जिंगने बॅटरी लवकर जाते हे खरं का? (औंध)

वॅट सारखे असून भागत नाही, भाषा जुळावी लागते. लॅपटॉपसाठीचा टाइप-सी चार्जर पीडी (पॉवर डिलिव्हरी) ही सामाईक भाषा बोलतो. पुष्कळ चिनी फोन आपापल्या खासगी पद्धतीने, स्वतःच्या चार्जर आणि केबलबरोबरच पूर्ण वेग देतात. ओळख पटली नाही की १० ते १८ वॅटवर येतात. फोनचं नुकसान काही नाही, उलट रात्रीसाठी तो हळू चार्जरच उत्तम. सॅमसंगवाल्यांनी चार्जरवर पीपीएस (पीडीचाच एक प्रकार) लिहिलेलं बघून घ्यावं आणि ४५ वॅट हवे असतील तर केबल ५ अँपिअरची लागते.

वेगाने नुकसान होतं ते मुख्यतः उष्णतेमुळे. म्हणूनच फोन ५०-६० टक्क्यांनंतर वेग आपोआप उतरवतो. सकाळी घाईत वेगवान, एरवी साधा, एवढं पुरे. वेगवान चार्जिंग चालू असताना गेम खेळणं किंवा व्हिडिओ कॉल करणं टाळा. वायरलेस चार्जर सोयीचा आहे, पण वीज वाया जाते ती उष्णता होऊनच, आणि ती थेट बॅटरीच्या पाठीला लागते.

आधी हे करून बघा: केबल खाचेत पूर्ण बसत नसेल, जरा हलवली की चार्जिंग तुटत असेल, तर आत खिशातल्या सुताचा बोळा दाबला गेलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने उकरा. टाचणी वापरू नका. नव्या चार्जरचे पैसे वाचण्याची शक्यता बरीच आहे.

जुना फोन अडीनडीला म्हणून कपाटात ठेवायचा आहे. (सहकारनगर)

५० टक्के भरून, पूर्ण बंद करून, गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर न ठेवता खालच्या कप्प्यात ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी काढून पुन्हा ५० करा. त्याच वेळी सिमचा रिचार्ज जिवंत आहे का तेही बघा.